यंत्राची पाटी वाचू या



आज आपण एका यंत्राची माहिती घेणार आहोत. हे यंत्र पेट्रोलवर चालते. वेल्डिंगला लागणारी वीज ते स्वतःच तयार करते. शिवाय ते उचलून कोठेही नेता येते. लोक त्याला वेल्डिंगचा जनरेटर म्हणतात. जनरेटरला मराठीत जनित्र असे नाव आहे. जनित्र म्हणजे वीज जन्माला घालणारे.

हाच विषय का घेतला, ते आधी सांगतो. आपल्या गावातली चार तरुण मंडळी मिळून असे यंत्र घ्यायचे म्हणत आहेत. कर्ज काढून घ्यायचे आहे. दुकानदार त्यांना म्हणाला, "हे एक यंत्र घ्या. वेल्डिंग करा, शेतातला पंप चालवा, लग्नात दिवे लावा. सगळं होतं." ती मुले आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, हे खरं का?" आम्ही त्यांना एवढेच विचारले, "पाटी वाचलीत का?"

यंत्राच्या अंगावर पत्र्याची एक लहान पाटी ठोकलेली असते. दुकानदाराचे बोलणे वाऱ्यावर जाते. पाटी मात्र जागची हलत नाही. ती वाचता आली, तर यंत्र काय करील आणि काय करणार नाही, हे आपल्याला आपल्याच डोळ्यांनी कळते. यंत्र चालो की न चालो, कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आधी वाचावे, मग सही करावी. अंगठ्याचे दिवस आता गेले.

हे यंत्र लागते कशाला?

पूर्वी नांगराचा फाळ मोडला की तो लोहाराकडे नेत. भाता चाले. लोखंड लाल होई. ऐरणीवर घाव पडत आणि दोन तुकडे एकजीव होत. आता ट्रॉली, लोखंडी नांगर, गोठ्याचे खांब, घराचे फाटक ही सगळी कामे वेल्डिंगने होतात. वेल्डिंगचे दुकान मोठ्या रस्त्याला असते. तिथले यंत्र तारेच्या विजेवर चालते.

पण समजा, उसाने भरलेली ट्रॉली शेतातच मोडली. ती दुकानात कशी न्यायची? तोडलेला ऊस वाट पाहत नाही. तो वाळतो, वजन घटते, साखरही कमी होते. अशा वेळी मोडलेली वस्तू यंत्राकडे नेता येत नाही. यंत्रच तिच्याकडे आणावे लागते. शेतात वीज असेलच असे नाही. म्हणून आपली वीज आपणच तयार करणारे यंत्र उपयोगी पडते. काम एका जागी आणि वीज दुसऱ्या जागी, ही अडचण ते दूर करते.

यंत्राच्या पोटात काय असते?

त्याचे तीन भाग करू.

पहिला भाग इंजिन. मोटारसायकलच्या इंजिनाचेच हे भावंड. त्यात एक सिलिंडर असतो. सिलिंडरात दट्ट्या वरखाली होतो. आधी हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढली जाते. मग ती दाबली जाते. मग ठिणगी पडून ती पेटते आणि दट्ट्याला जोराने ढकलते. शेवटी धूर बाहेर जातो. ओढणे, दाबणे, पेटणे, सोडणे अशी ही चार कामे. म्हणून त्याला चार स्ट्रोकचे इंजिन म्हणतात. निकोलाउस ऑटो नावाच्या जर्मन माणसाने असे इंजिन १८७६ साली चालवून दाखवले. आजही तीच रीत चालू आहे.

दुसरा भाग जनित्र. इंजिन त्याला गरगर फिरवते. त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी आणि लोहचुंबक असतात. चुंबक आणि वेटोळे यांतले एक स्थिर ठेवून दुसरे फिरवले, की तारेत वीज तयार होते. हा शोध इंग्लंडात मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली लावला. फॅरेडे कोणाचे पुत्र होते, ठाऊक आहे? लोहाराचे. त्यांना शाळा थोडीच मिळाली. लहानपणी ते पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करत. बांधायला आलेली पुस्तकेच ते वाचत आणि त्यांतून शिकत. वाचायला लागलेला माणूस कुठवर जाईल, हे सांगता येत नाही, बरं का!

तिसरा भाग समोरचा फलक. तिथे बटणे असतात. वेल्डिंगच्या जाड तारा लावायला दोन खुंट असतात. शेजारी घरात असतात तसे प्लगचे खाचेही असतात. म्हणजे एकाच यंत्रातून दोन प्रकारची वीज मिळते. एक वेल्डिंगची, दुसरी घरातल्यासारखी. हा फरक नीट लक्षात ठेवा. पुढे त्याचेच काम आहे.

आता पाटीकडे वळू

मध्यम आकाराच्या यंत्राची एक नमुन्याची पाटी आम्ही फळ्यावर लिहिली आहे. प्रत्येक यंत्राचे आकडे वेगळे असतात. वाचण्याची रीत मात्र एकच. आपण मिळून वाचू.

इंजिन : पेट्रोल, ४ स्ट्रोक, १३ अश्वशक्ती, मिनिटाला ३००० फेरे
वेल्डिंग : ५० ते १७० अँपियर, डी.सी.
काम आणि विसावा : १७० अँपियरला ६० टक्के, १३० अँपियरला १०० टक्के
मोकळा दाब : ७५ व्होल्ट
इतर वीज : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, सतत ४००० वॉट, क्षणभर ४५०० वॉट
टाकी : २५ लिटर
वजन : ९५ किलो

खरी पाटी बहुधा इंग्रजीत असते. त्याने घाबरू नका. इंग्रजी आकडे आपण नोटांवर आणि मोबाइलवर रोज पाहतो. आकड्यापुढे एखादे अक्षर असते, ते ओळखले की झाले. पाखरांचा थवा उडताना जशी आकृती करतो, तसे उलट्या तंबूसारखे अक्षर दिसले, तर तो व्होल्ट. घडवंचीसारखे, मध्ये आडवी पट्टी असलेले अक्षर म्हणजे अँपियर. पाखरांचे दोन थवे शेजारी शेजारी, म्हणजे वॉट. तीन अक्षरे ओळखली की अर्धी पाटी कळली.

व्होल्ट आणि अँपियर

ही दोन्ही नावे माणसांच्या नावांवरून आली. व्होल्टा इटलीचे, अँपियर फ्रान्सचे. दोघेही विजेचा अभ्यास करणारे विद्वान.

पाण्याचे उदाहरण घ्या. टाकी उंचावर असली की नळाला जोर येतो. तो जोर म्हणजे व्होल्ट. आणि पाटातून किती पाणी वाहते, ते म्हणजे अँपियर. जोर वेगळा, वाहणे वेगळे. बारीक नळीतून जोराने चिळकांडी उडते, पण पाणी थोडेच येते. रुंद पाटात जोर दिसत नाही, पण पाणी भरपूर येते.

आपल्या घरातल्या विजेचा जोर २३० व्होल्ट असतो. दिव्यातून वाहणारी वीज मात्र एका अँपियरपेक्षाही फार कमी असते. वेल्डिंगचे अगदी उलटे असते. तिथे जोर पंचवीस व्होल्टच्या आसपास पुरतो, पण वीज शंभर-दीडशे अँपियर वाहते. म्हणजे रुंद पाटच म्हणा ना! म्हणूनच वेल्डिंगच्या तारा मनगटाएवढ्या नसल्या, तरी अंगठ्याएवढ्या जाड असतात. बारीक तार लावली तर ती तापते आणि कामाला वीज कमी मिळते.

सळीचे टोक लोखंडाला टेकवून जरासे उचलले, की मधल्या फटीत विजेची ज्योत उभी राहते. लोखंड सुमारे दीड हजार अंशांवर वितळते. ही ज्योत त्याहून कितीतरी अधिक तापलेली असते. तिच्यात सळी वितळते, लोखंडाची कडही वितळते, आणि दोन्हींचा एकच रस होतो. तो निवला की जोड तयार झाला. सळीवरच्या लेपाचा धूर आणि मळी त्या रसावर पांघरुणासारखी पसरते आणि त्याला हवेपासून जपते. नंतर ती मळी हातोडीने ठोकून काढायची असते.

पाटीवर मोकळा दाब ७५ व्होल्ट लिहिला आहे. ज्योत पेटलेली नसताना तारांच्या टोकांवर एवढा जोर असतो. तो घरच्या विजेपेक्षा कमी आहे खरा. पण घामाने भिजलेल्या अंगाला किंवा ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तोही धोक्याचा आहे. कोरडे हातमोजे आणि कोरडे बूट हवेतच.

कोणत्या कामाला किती अँपियर?

हे सळीच्या जाडीवर ठरते. दुकानात सळी नंबराने मागतात. १२ नंबरची सळी अडीच मिलिमीटर जाड असते. तिला साधारण ६० ते ९० अँपियर लागतात. १० नंबरची सळी तीन मिलिमीटरहून थोडी जास्त जाड असते. तिला ९० ते १३० अँपियर लागतात. ८ नंबरची चार मिलिमीटर जाड. तिला १३० ते १८० अँपियर लागतात. नंबर लहान, तर सळी जाड, हे ध्यानात ठेवा. नेमके आकडे सळ्यांच्या पुडक्यावर छापलेले असतात. तेही वाचावे.

आता आपली पाटी पाहा. ५० ते १७० अँपियर. म्हणजे १२ आणि १० नंबरच्या सळीचे काम हे यंत्र सहज करील. ८ नंबरची सळीही चालेल, पण यंत्राचा जवळजवळ सगळा दम लागेल. ट्रॉली, नांगर, फाटक एवढ्या कामाला ते पुरेसे आहे.

अँपियर कमी ठेवले तर काय होते? सळी लोखंडाला चिकटते. रस आत जात नाही. जोड वरून लिंपल्यासारखा दिसतो, पण आतून कच्चा राहतो. अँपियर फार ठेवले तर पत्र्याला भोक पडते. फाटक कच्चे राहिले तर फाटकच पडेल. पण ट्रॉलीची दांडी कच्ची जोडली आणि ती भर रस्त्यात सुटली तर? मागून येणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. तेव्हा अँपियरचा आकडा हा नुसता यंत्राचा आकडा नव्हे. तो माणसाच्या जिवाचा आकडा आहे.

डी.सी. म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. तिची ज्योत स्थिर राहते. नव्या हाताला काम सोपे जाते.

काम आणि विसावा

हा आकडा बहुतेक लोक वाचतच नाहीत. आणि यंत्र जळते ते बहुधा इथेच.

औताचे बैल दिवसभर सलग ओढतात का? नाही. मध्ये त्यांना सोडतो, पाणी दाखवतो. यंत्राचेही तसेच. दहा मिनिटांपैकी किती मिनिटे काम करायचे, ते टक्क्यांत लिहिलेले असते. १७० अँपियरला ६० टक्के, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विसावा. १३० अँपियरला १०० टक्के, म्हणजे विसाव्याची गरज नाही, काम चालू ठेवा.

विसावा म्हणजे इंजिन बंद करणे नव्हे. वेल्डिंग थांबवायचे, इंजिन चालू ठेवायचे. आतला पंखा फिरत राहतो आणि तापलेले वेटोळे निवते. विसावा दिला नाही तर तारेवरचे आवरण जळते. मग नवे वेटोळे भरण्याचा खर्च येतो.

दुकानदार म्हणाला, "हे १७० चे यंत्र आहे," तर लगेच विचारा, "किती टक्क्याला?" टक्का कळल्याशिवाय अँपियरला अर्थ नाही.

वॉट आणि पंपाचा हिशेब

वॉट म्हणजे एकूण ताकद. जेम्स वॉट हे स्कॉटलंडचे कारागीर होते. वाफेचे इंजिन त्यांनी फार सुधारले. त्यांचे नाव या मापाला दिले आहे. व्होल्टला अँपियरने गुणले की साधारणपणे वॉट मिळतात. १०० अँपियरवर वेल्डिंग करताना ज्योतीत २४ व्होल्ट असतात. २४ गुणिले १०० म्हणजे २४०० वॉट. कळलं ना?

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. आपल्या पाटीवर इंजिन १३ अश्वशक्तीचे आहे. गुणून पाहा. ९६९८ वॉट होतात. पण खाली विजेच्या पुढे लिहिले आहे फक्त ४०००. मग बाकीचे गेले कुठे? थोडी ताकद उष्णतेत आणि घासण्यात जाते. थोडी इंजिनाने राखून ठेवायची असते, नाही तर ते दिवसभर टिकणार नाही. म्हणून इंजिनाची अश्वशक्ती पाहून विजेचा अंदाज करू नका. वॉटचाच आकडा पाहा.

आता त्या मुलांचा प्रश्न घेऊ. शेतातला पाच अश्वशक्तीचा पंप यावर चालेल का?

७४६ गुणिले ५ म्हणजे ३७३०. वरवर पाहता हे ४००० च्या आत बसते. दुकानदाराने हाच हिशेब सांगितला असेल. पण यात तीन गोष्टी राहिल्या. एक, मोटर पाच अश्वशक्ती देते, पण त्यासाठी त्याहून जास्त वीज खाते. दोन, सुरू होताना ती क्षणभर कितीतरी पट जास्त वीज ओढते. भरलेली गाडी जागची हलवताना बैलांना जास्त जोर लागतो, तसेच हे. तीन, पाच अश्वशक्तीचे शेतपंप बहुधा थ्री फेजचे असतात. आपल्या पाटीवरची २३० व्होल्टची वीज सिंगल फेजची आहे. तेव्हा उत्तर काय? चालणार नाही. दिवे, पंखे, ड्रिल, लोखंड घासायचा ग्राइंडर एवढे मात्र छान चालेल.

आणखी एक. वेल्डिंग आणि दिवे एकाच वेळी चालवले, तर तीच ताकद दोघांत वाटली जाते. एका भाकरीत दोघे जेवले तर दोघांनाही कमीच मिळणार.

"सतत" आणि "क्षणभर" हे दोन शब्दही पाहा. ४५०० हा आकडा क्षणापुरता आहे. दिवसभर मिळणार ते ४०००. जाहिरातीत बहुधा मोठा आकडा मोठ्या अक्षरात असतो. आपण लहान आकड्यावर हिशेब करावा.

परदेशातले एक उदाहरण देतो. अमेरिकेत अॅपलटन गावी मिलर ही वेल्डिंगची यंत्रे करणारी जुनी कंपनी आहे. त्यांचे बॉबकॅट २५० नावाचे यंत्र पेट्रोलवर चालते. नावातला २५० हा अँपियरचा आकडा. त्याच्या पाटीवर २५० अँपियर, २५ व्होल्ट, १०० टक्के असे आहे. म्हणजे पूर्ण अँपियरवरही विसावा लागत नाही. विजेचा आकडा क्षणभर ११,००० आणि सतत ९,५०० वॉट. पाहा, तिथेही आकडे दोन आहेत. हे यंत्र मोठे आहे. ते दोघांनी उचलायचे नाही, गाडीवर बसवून न्यायचे असते. आता ही पाटी आणि आपली पाटी शेजारी ठेवली, तर कोणाला किती दम आहे हे तुम्ही सांगू शकाल. इंग्रजी न येताही सांगू शकाल.

फेरे आणि हर्ट्झ

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. त्याला ५० हर्ट्झ म्हणतात. पाटीवर फेरे ३००० आहेत. ३००० ला ६० ने भागा. सेकंदाला ५० फेरे आले. पाटी बरोबर जुळली! अमेरिकेत ६० हर्ट्झ वीज आहे. म्हणून तिथली अशी यंत्रे मिनिटाला ३६०० फेरे घेतात. बाहेरून आलेले जुने यंत्र कोणी स्वस्तात देऊ केले, तर हा आकडा आधी पाहा. ६० दिसले तर आपल्या मोटरींना ते बरोबर नाही. दिव्यांचा उजेड वाढवायला म्हणून इंजिनाचे फेरे कोणी हाताने वाढवू नयेत. त्याने व्होल्टही बिघडतात, हर्ट्झही बिघडतात.

पेट्रोलचा हिशेब

या आकाराचे इंजिन भर कामात तासाला दोन ते साडेतीन लिटर पेट्रोल पिते. अडीच लिटर धरले, तर २५ लिटरची टाकी दहा तास पुरेल. आजच्या भावाने तासाचे पेट्रोल किती रुपयांचे, ते वहीत मांडा. त्यात सळ्या, ऑइल आणि हप्त्याचा वाटा मिळवा. मगच कामाचा दर ठरवा. जिथे तारेची वीज आहे, तिथे साधे विजेचे वेल्डिंग यंत्र स्वस्त पडते. पेट्रोलचे यंत्र शेतात, रस्त्यावर, वीज नसलेल्या जागी न्यावे. रोज दिवसभर मोठे काम असेल, तर डिझेलच्या यंत्राचाही विचार करावा. ते जड असते, पण इंधन कमी खाते.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. हे इथेनॉल उसापासूनही करतात, म्हणजे आपल्या शेतातलेच. पण ते हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवायचे असेल, तर टाकी रिकामी करावी. किती इथेनॉल चालते, ते यंत्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. इंजिनातले ऑइल रोज पाहावे.

पाटीवर मोठ्या अक्षरात नसते ते

आता सगळ्यांत महत्त्वाचे ऐका.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात जातो. मग रक्त प्राणवायू सोडून त्यालाच धरून बसते. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. माणसाला वाटते, उन्हाने झाले असेल. मग अंगातले बळ जाते आणि माणूस निपचित पडतो. म्हणून हे यंत्र घरात, बंद शेडमध्ये, गोठ्यात कधीही चालवू नये. दार-खिडकीपासून निदान वीस फूट दूर ठेवावे आणि धुराचे तोंड पलीकडे करावे. विहिरीत तर कधीच उतरवू नये. विहिरीत कोणी पडला म्हणून दुसऱ्याने तसेच खाली उतरू नये. पहिल्यामागे दुसरा जातो, दुसऱ्यामागे तिसरा. आधी इंजिन बंद करावे आणि मदत बोलवावी.

ठिणग्या पस्तीस फुटांपर्यंत उडतात. तेवढ्यात कडबा, पाचट, गवत नको. पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवावी. पेट्रोल भरायचे ते इंजिन बंद करून, ते निवल्यावरच.

पेट्रोल, ऑइल किंवा औषध ठेवलेले पिंप वेल्डिंगला कधी घेऊ नये. पिंप रिकामे दिसते, पण आत वाफ असते. ते बॉम्बसारखे फुटते.

ज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. त्या वेळी काही वाटत नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. दहा-अकरा नंबरची वेल्डिंगची काळी काचच हवी. उन्हाचा चष्मा चालत नाही. काम चालू असताना पोरे गोळा होतात, त्यांना आधी दूर करावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाचा आणि पत्र्याचा धूर घेतला, तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. तो मुलामा जोडाच्या जागी आधी घासून काढावा आणि वारा पाठीकडून येईल असे बसावे.

आणि एक गोष्ट कोणीही करू नये. वीज गेली म्हणून जनरेटरची तार घरच्या प्लगमध्ये खोचू नये. ती वीज उलटी तारेवर चढते. डी.पी.तून गेली की तिचा जोर हजारो व्होल्ट होतो. खांबावर वायरमन काम करत असेल, तर तो बिचारा जागीच मरतो. आपल्या घरातल्या दिव्यासाठी दुसऱ्याच्या घरातला दिवा विझवायचा का?

तर मग यंत्र घ्यावे की नाही?

त्या चार मुलांना आमचे उत्तर असे. दुकानदाराने सांगितलेले सगळे खोटे नाही आणि सगळे खरेही नाही. वेल्डिंग होईल. दिवे लागतील. पाच अश्वशक्तीचा पंप चालणार नाही. पंपाच्या भाड्याची कमाई हिशेबात धरली असेल, तर ती खोडून टाका. उरलेल्या कमाईत हप्ता बसतो का पाहा. बसत असेल तर जरूर घ्या. गावात चांगले काम होईल आणि चार घरे जगतील. बसत नसेल तर अजून थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

दुकानात गेल्यावर पाच प्रश्न विचारा. अँपियर किती? किती टक्क्याला? सतत वॉट किती? तासाला पेट्रोल किती? जवळ दुरुस्ती आणि सुटे भाग कोठे मिळतात? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पाटीवर असतील. दुकानदाराचे बोलणे आणि पाटी जुळली, तर माणूस खरा. नाही जुळले, तर पाटीवर विश्वास ठेवा.

उद्यासाठी एक काम देतो. आपल्या पंपाच्या मोटरीवर, पिठाच्या गिरणीवर, घरातल्या मिक्सरवर अशाच पाट्या आहेत. एक पाटी पुसून स्वच्छ करा. तिच्यावरचे आकडे वहीत उतरवा. कोणता व्होल्टचा, कोणता अँपियरचा, कोणता वॉटचा, ते पुढे लिहा. बायामाणसांनीही लिहून आणा, कारण मिक्सर त्यांच्याच हातात असतो आणि हप्त्याच्या कागदावर सहीही त्यांची लागते. उद्या संध्याकाळी आपण त्या वह्या तपासू.